पाऊस नाही, तरी नदी काठोकाठ कशी?

नकाशावर बोट : वाचकांचे भूगोलाचे प्रश्न

मागच्या अंकात कॅनडाच्या फ्रेझर नदीचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर सोलापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर एकट्या फ्रेझरचं. कोरडी माहिती सुरुवातीलाच एकदा देऊन टाकते. कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया प्रांत आहे. तिथे रॉकी पर्वतात फ्रेझर उगम पावते, १,३७५ किलोमीटर वाहते आणि व्हँकुव्हर शहराच्या दक्षिणेला पॅसिफिक महासागराला मिळते. तिचं खोरं सुमारे २ लाख २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सत्तर टक्के. तुलनेला आपली भीमा ८६१ किलोमीटर लांब आहे. शाळेत शिकवताना उगम, लांबी आणि मुख पाठ करून ‘झाली नदी’ म्हणणारी मुलं पाहिली की मला वाईट वाटायचं. म्हणून त्या तिन्ही गोष्टी इथेच उरकल्या. आता पत्रांकडे वळते.

प्रश्न : माझा मुलगा ॲबट्सफर्डला असतो. जूनमध्ये त्याच्याकडे गेले होते. शेजारच्या मिशन गावाच्या पुलावरून फ्रेझर पाहिली, तर नदी गढूळ आणि काठोकाठ! आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, आभाळ स्वच्छ होतं. मुलगा म्हणाला, ऊन वाढलं की नदी वाढते. हे खरं का? (वाचक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : अगदी खरं आहे. तुमच्या मुलाने नदीचं सगळं वेळापत्रक एका वाक्यात सांगितलं.

आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला भीमा सगळ्यात रोडावलेली असते. वाळवंटातून पलीकडे चालत जाता येतं. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडावं लागतं. मग घाटमाथ्यावर पाऊस धरतो, खडकवासल्यापासूनची धरणं भरतात, दौंडचा विसर्ग वाढल्याची बातमी येते आणि त्यानंतर उजनी चढू लागते. भीमेचं पाणी ढगांतून येतं आणि पुढचे आठ महिने आपण ते धरणात धरून ठेवतो.

फ्रेझरच्या मुलखात पावसाळा हिवाळ्यात येतो. नोव्हेंबरपासून पॅसिफिकवरचे ओले वारे डोंगरांवर आदळतात, पण उंचावर पडतं ते बर्फ. ते वाहून जात नाही, तिथेच थरावर थर साचतं. म्हणून भर हिवाळ्यात, ओलावा सगळ्यात जास्त असताना, फ्रेझर सगळ्यात बारीक असते. होप नावाच्या गावाजवळ तेव्हा सेकंदाला हजारेक घनमीटर पाणी वाहतं, आपल्या बोलीत पस्तीस हजार क्युसेक. एप्रिलपासून ऊन तापतं, खालच्या उतारांवरचं बर्फ आधी वितळतं, मग वरचं. मे अखेरीस आणि जूनमध्ये त्याच ठिकाणी सात-आठ हजार घनमीटर, म्हणजे अडीच लाख क्युसेकच्या पुढे पाणी जातं. तुम्ही पुलावरून पाहिलं ते डिसेंबर-जानेवारीत पडलेलं पाणी होतं.

सोलापूरकराला क्युसेक आणि टीएमसी वेगळे शिकवावे लागत नाहीत, पेपरात रोज वाचतो आपण. म्हणून हिशोब त्याच भाषेत करते. फ्रेझरचा वर्षाचा सरासरी प्रवाह मुखाजवळ सेकंदाला सुमारे ३,४७५ घनमीटर आहे, म्हणजे सव्वा लाख क्युसेकच्या जवळ. दिवसाला साडेदहा टीएमसी. आपल्या उजनीत मृतसाठ्यासकट ११७ टीएमसी पाणी मावतं. तळ दिसणारी उजनी ही नदी अकरा दिवसांत भरून टाकेल.

या वेळापत्रकाला एक धोकाही आहे. वसंत लांबला, थंडी रेंगाळली आणि मग एकदम कडक ऊन पडलं, की सगळं बर्फ एका दमात खाली येतं. १९४८ च्या मे अखेरीस तसंच झालं. होपजवळ सेकंदाला १५,२०० घनमीटर, म्हणजे पाच लाख क्युसेकच्या वर पाणी गेलं. बांध फुटले आणि सुमारे १६ हजार माणसांना घरं सोडावी लागली. १८९४ चा पूर त्याहून मोठा होता, पण तेव्हा खोऱ्यात वस्ती विरळ होती. आजही तिथे हिवाळाभर डोंगरावरच्या ठरावीक जागी जाऊन बर्फाची जाडी आणि त्यातलं पाणी मोजतात. १ एप्रिलच्या मोजणीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आपलं जसं ऑगस्टमध्ये उजनीच्या टक्केवारीकडे.

ॲबट्सफर्डबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे मोठा पूर आला होता, तो तुमच्या मुलाला माहीत असेलच. तो फ्रेझरचा नव्हता. प्रचंड पाऊस झाला, सीमेपलीकडे अमेरिकेतली नूकसॅक नदी काठ सोडून उत्तरेला घुसली आणि पाणी सूमासच्या सखल शेतांत शिरलं. ती शेतं म्हणजे १९२४ मध्ये पाणी उपसून कोरडा केलेला सूमास तलाव. त्या रात्री बॅरोटाउनचं पंपघर वाचवायला गावकऱ्यांनी वाळूच्या पोत्यांची भिंत रचली. फ्रेझरची पातळी उतरली तेव्हा दरवाजे उघडता आले आणि साचलेलं पाणी तिच्यातच सोडलं. उन्हाळ्याचा पूर बर्फाचा आणि नोव्हेंबरचा पावसाचा. त्या भागात घर घेताना दोन्हींची चौकशी करायची असते.

प्रश्न : बाई, नकाशात फ्रेझर नदी आधी वर जाते आणि मग खाली येते. समुद्र तर डावीकडे जवळच आहे. ती सरळ का जात नाही? (इयत्ता नववी, बार्शी)

उत्तर : बाळा, हा प्रश्न तुला नकाशा बघून पडला, पुस्तकातून नाही, याचा मला फार आनंद झाला.

पट्टी घेऊन मोज. उगमापासून मुखापर्यंत सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर भरेल. नदी मात्र १,३७५ किलोमीटर फिरून येते. कारण समुद्र किती जवळ आहे हे पाण्याला ठाऊक नसतं. पायाखालचा उतार तेवढा त्याला कळतो.

आता नकाशावर बोट ठेव. कॅनडातल्या रॉकी पर्वतरांगेत सगळ्यात उंच रॉब्सन शिखर आहे, ३,९५४ मीटर. त्याच्या दक्षिणेला, ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा या प्रांतांच्या सीमेवर, फ्रेझर खिंडीजवळ नदी सुरू होते. डोंगरातून खाली आली की ती एका लांबलचक दरीत पडते. ही दरी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यापासून वायव्येला जवळजवळ १,६०० किलोमीटर गेली आहे. खडकातल्या मोठमोठ्या भेगांच्या रेषेवर ती तयार झाली आणि पुढे हिमनद्यांनी घासून रुंद केली. दरी वायव्येला जाते म्हणून नदीही वायव्येला जाते. डाव्या हाताला कॅरिबू पर्वत उभा आहे, तो ओलांडता येत नाही. तो जिथे संपतो तिथे त्याच्या उत्तर टोकाला वळसा घालून नदी दक्षिणेकडे वळते. वळून झाल्यावर प्रिन्स जॉर्ज गाव लागतं आणि तिथे पश्चिमेकडून नेचाको नदी येऊन मिळते.

पुढे क्वेनेल, मग विल्यम्स लेकच्या पश्चिमेचं कोरडं पठार, चिल्कोटिनचा संगम, लिलुएट, लिटन. लिटनला थॉम्प्सन नदी मिळते. थॉम्प्सन तळ्यांमधून गाळ खाली ठेवून येते, म्हणून तिचं पाणी निळसर आणि फ्रेझरचं मातकट. संगमानंतर काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात. कुडलला सीना आणि भीमेच्या संगमावर मी मुलांना घेऊन जायची तेव्हा आधी हेच विचारायची, कुठलं पाणी कुठून आलं ते रंगावरून सांगा.

लिटनपासून नदी घळईत शिरते. एका बाजूला किनारी पर्वत, दुसऱ्या बाजूला कॅस्केड पर्वत, आणि मधून एक जुनी भूकवचातली भेग जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते. नदीने तीच धरली आहे. होपला डोंगर संपले की ती पश्चिमेला वळते, पसरते आणि गाळाचा त्रिभुज प्रदेश करत समुद्राला मिळते. दरवर्षी दोनेक कोटी टन गाळ ती खाली आणते. रिचमंड हे अख्खं शहर त्या गाळाच्या बेटांवर वसलेलं आहे, आणि व्हँकुव्हरचा विमानतळही.

एक जास्तीची गोष्ट, परीक्षेला येणार नाही अशी. पठारावरची फ्रेझर फार पूर्वी उलट, उत्तरेला वाहत होती, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे दक्षिणेकडच्या नदीने डोंगर मागे मागे कापत तिचं पाणी आपल्याकडे ओढलं.

आता भारताचा नकाशा उघड. भीमाशंकरपासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे, तरी भीमा पूर्वेला पंढरपूर, मग कर्नाटक, मग कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराकडे जाते. का, ते तू मला लिहून पाठव.

प्रश्न : एवढी मोठी नदी आणि तिच्यावर धरण नाही, हे पटत नाही. तिथल्या शेतकऱ्याला पाणी नको का? (शेतकरी, मोहोळ तालुका)

उत्तर : मुख्य पात्रावर खरोखरच धरण नाही. लिलुएटच्या वर मोरान इथे अजस्र धरण बांधायचा बेत विसाव्या शतकाच्या मध्यात पुढे आला होता. वीज भरपूर मिळाली असती, पण समुद्रातून वर चढणारे सॅमन मासे कायमचे अडले असते. मच्छीमार आणि मूळ रहिवासी विरोधात उभे राहिले आणि १९७० च्या दशकात तो बेत मागे पडला. शेतीचं म्हणाल तर होपच्या खालच्या सुपीक खोऱ्यात पाऊस भरपूर असतो. तिथल्या शेतकऱ्याची चिंता पाणी आणायची कमी, हटवायची जास्त.

पण ‘फ्रेझर मोकळी आहे’ एवढं म्हणून थांबलं तर अर्धी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. प्रिन्स जॉर्जला मिळणाऱ्या ज्या नेचाकोचं नाव वर आलं, तिच्यावर १९५२ मध्ये केनी धरण पूर्ण झालं. उद्देश एकच होता, किटिमॅट इथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज. नदी पूर्वेला वाहत होती. तिचं पाणी अडवून उलटं पश्चिमेला वळवलं, डोंगरातून सोळा किलोमीटरचा बोगदा खणला आणि सुमारे आठशे मीटर खाली केमानोच्या वीजघरावर सोडलं. ते पाणी तिथून थेट समुद्रात जातं. फ्रेझरच्या खोऱ्याला ते परत मिळत नाही.

हे वाचून तुम्हाला मुळशी आठवली नसेल तरच नवल. मुळा नदी भीमेच्या खोऱ्यातली. तिचं पाणी मुळशीला अडवलं आणि पश्चिमेला कोकणात भिऱ्याला उतरवून त्यावर वीज केली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, तो त्याच धरणाविरुद्ध. आजही उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात ‘आमच्या खोऱ्याचं पाणी कोकणात का’ हा प्रश्न निघतो. तो न्याय्य प्रश्न आहे असं माझं ठाम मत आहे. खोऱ्याबाहेर गेलेल्या पाण्याचा हिशोब खालच्या टोकाला राहणाऱ्यांना कुणीतरी दिला पाहिजे.

नेचाकोच्या काठचा हिशोब तर फारच कडू आहे. चेस्लाटा लोक तिथले मूळ रहिवासी. १९५२ च्या एप्रिलमध्ये, पाणी चढायला लागायच्या बेतात असताना, त्यांना गावं सोडायला सांगण्यात आलं. घरं गेली आणि पुढे त्यांची दफनभूमीही पाण्याने उकरली. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली ती माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांना यातला शब्द न् शब्द समजेल.

आता थोडी बरी बाजू. जुलै-ऑगस्टमध्ये नेचाकोच्या जलाशयातून जादा पाणी मुद्दाम नदीत सोडलं जातं. शेतीसाठी नव्हे, खालचं पाणी २० अंशांच्या वर तापू नये म्हणून. त्याहून गरम पाण्यात सॉकाय जातीचे सॅमन थकतात आणि वाटेतच मरतात.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यावर आम्ही मासेमारी करतो. जाळ्यात आता चिलापीच जास्त. कॅनडातले मासे समुद्रातून शेकडो किलोमीटर उलटे चढतात म्हणे. कशासाठी? (करमाळा तालुका)

उत्तर : अंडी घालण्यासाठी. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की चढणीचे मासे येतात ते तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील. कारण तेच आहे, पल्ला मात्र अवाढव्य. सॉकाय डोंगरातल्या गार ओढ्याच्या खडीत जन्मतो, वर्षभर तळ्यात वाढतो, मग समुद्रात जातो आणि बहुतेक चौथ्या वर्षी पाण्याच्या वासावरून जन्माच्या ओढ्याकडे परत येतो. नदीत शिरल्यावर तो खाणं सोडतो. अंगावरच्या चरबीवर प्रवाहाविरुद्ध चढतो, लाल होतो, अंडी घालून झाली की मरतो. त्याचं शरीर कुजून त्याच पाण्याला आणि काठच्या झाडांना खत होतं. चिनूक जातीचे काही मासे तर उगमाजवळच्या रिअरगार्ड धबधब्यापर्यंत, बाराशे किलोमीटरहून जास्त चढून जातात.

नदी कुठे अडली तर काय होतं हे १९१४ ने दाखवलं. घळईत ‘हेल्स गेट’ नावाची जागा आहे. तिथे अख्खी फ्रेझर सुमारे ३५ मीटर रुंदीच्या फटीतून जाते. रेल्वेमार्ग खोदताना दगडगोटे नदीत ढकलले, त्यात कडा कोसळला आणि पाण्याचा वेग इतका वाढला की मासे वर जाईनात. काठावरच्या ज्या मूळ रहिवाशांचं वर्षाचं अन्न त्यावर होतं त्यांनी टोपल्यांतून मासे वर नेले. पण सॉकायची संख्या पुढे कित्येक दशकं सावरली नाही. १९४५-४६ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने मिळून तिथे काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. २०१९ च्या जूनमध्ये लिलुएटच्या वर, बिग बार भागात, पुन्हा कडा कोसळलेला आढळला. त्या वर्षी हजारो मासे हेलिकॉप्टरने उचलून पलीकडे सोडले.

संख्या वर्षागणिक फार बदलते. २००९ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास सॉकाय परतले, तेव्हा सरकारने न्यायाधीश कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. आणि पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, पावणेतीन कोटींहून जास्त आले. खालच्या खोऱ्यातले स्टोलो लोक हंगामातला पहिला मासा सगळ्यांनी वाटून खातात आणि त्याचे काटे आदराने नदीला परत देतात. तुमच्यासारख्या पाण्यावर जगणाऱ्याला ही रीत सांगावीशी वाटली.

प्रश्न : हा फ्रेझर कोण? (मंगळवेढा)

उत्तर : सायमन फ्रेझर, कातड्याच्या व्यापारातला माणूस. १८०८ मध्ये तो ही नदी कोलंबिया समजून खाली उतरला. घळईत नाव चालेना, तेव्हा तिथल्या लोकांनी कड्याला बांधलेल्या दोर-काठ्यांच्या शिड्यांवरून त्याला वाट दाखवली. मुखाशी अक्षांश मोजल्यावर कळलं की ही कोलंबिया नव्हे. फ्रेझरने थॉम्प्सन नदीला डेव्हिड थॉम्प्सनचं नाव दिलं आणि थॉम्प्सनने या नदीला फ्रेझरचं. वाट दाखवणाऱ्यांची नावं नकाशावर आली नाहीत, याची मला खंत आहे.

प्रश्न : कॅनडात बर्फच बर्फ. आमच्यासारखं ऊन त्यांना कुठलं माहीत? (अक्कलकोट)

उत्तर : २९ जून २०२१ ला त्याच लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. कॅनडातलं आजवरचं सगळ्यात जास्त तापमान. दुसऱ्या दिवशी वणव्यात बहुतेक गाव जळालं. लिटन, लिलुएट हा पट्टा किनारी पर्वतांच्या आड येतो. ओले वारे समुद्राच्या बाजूला रिकामे होतात आणि पलीकडे कोरडी हवा उतरते. सह्याद्रीच्या आड सोलापूर जसं पर्जन्यछायेत आहे, तसाच तो मुलूख.

प्रश्न : ऑक्टोबरात मुलीकडे व्हँकुव्हरला जात आहोत. फ्रेझर कुठे पाहावी? (सोलापूर, रेल्वे लाइन्स)

उत्तर : वेळ कमी असेल तर न्यू वेस्टमिन्स्टरचा काठ जवळ पडेल. एक दिवस मिळाला तर गाडीने होपच्या पुढे येलवरून हेल्स गेटपर्यंत जा. तिथे पाळण्यातून नदी ओलांडता येते, पण तो हंगामी असतो, आधी चौकशी करा. ऑक्टोबरात पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे काठावरचे मत्स्यमार्ग नीट दिसतात. लाल सॉकायची गर्दी पाहायची तर आणखी आत, थॉम्प्सनच्या खोऱ्यातल्या ॲडम्स नदीवर जावं लागेल. तिथे दर चौथ्या वर्षी मासे सगळ्यात जास्त येतात : २०१०, २०१४, २०१८, २०२२ आणि त्यानंतर २०२६. तुमचं जाणं त्यातल्या वर्षी असेल तर मुलीला आतापासूनच रजा टाकायला सांगा. आणि स्वेटर घ्या, ओढ्याकाठी सकाळी फार गारठा असतो.